'ब्लॅक बेल्ट जोन्स'ने जिम केलीचा मान राखला का?

धागा
ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये (१९७३) तीन नायकांपैकी मरतो तो एकटा विल्यम्स, म्हणजे जिम केली. तीन नायकांत काळा तो एकटाच. ही चुटपुट मला शाळेपासून आहे. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने, रॉबर्ट क्लाउजने, केलीला नायक करून 'ब्लॅक बेल्ट जोन्स' काढला. काळ्या वस्तीतली कराटे शाळा, माफियाला तिची जागा हवी, कारण तिथे सरकारी संकुल येणार. गोष्ट एवढीच. पण केली अस्सल आहे. १९७१ ला लाँग बीचला मिडलवेट अजिंक्यपद मिळवलेला माणूस! माझ्या मते या सिनेमाने त्याचा मान राखला.

चक्रपाणी
अजिबात पटलं नाही. दिग्दर्शक गोरा, निर्माते गोरे, गल्ला वॉर्नर स्टुडिओचा. 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' (काळ्यांवरच्या सिनेमांतून काळ्यांचंच शोषण) हा शब्दच १९७२ मध्ये ज्युनियस ग्रिफिन यांनी रूढ केला. ते एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख होते, आणि काळ्यांना पडद्यावर गुंड नि दलाल करून ठेवलंय, हीच त्यांची तक्रार. इथला पिंकी हा काळा गुंडही तसलाच. शेवटची हाणामारी तर गाड्या धुण्याच्या जागी, साबणाच्या फेसात. कराटेवाल्याची पावलंच दिसत नाहीत, मग कसब कुठून दिसणार?

सुमेधा
दोघंही केलीलाच धरून बसलात. ग्लोरिया हेंड्रीचं, म्हणजे सिनेमातल्या सिडनीचं काय? जोन्स निघताना सिडनीला भांडी घासायला सांगतो. ती पिस्तूल काढते, भांड्यांचा चुराडा करते आणि म्हणते, झाली घासून. १९७४ साली! बापाच्या पश्चात कराटे शाळा तिच्याकडे येते आणि शाळेसाठी लढायलाही ती स्वतः उतरते. मला हा सिनेमा तिच्यासाठी हवा.

धागाकर्ता
सुमेधाताई, अगदी खरं. चक्रपाणी, फेसाचं मान्य, मलाही खुपतं. पण पिंकीसमोर उभा कोण आहे तेही बघा. कुणापुढे न वाकणारा काळा मास्तर. केली प्रत्यक्षातही तसाच होता. प्रशिक्षकाने काळ्या सहखेळाडूला वर्णद्वेषी वागणूक दिली, म्हणून त्याने लुईव्हिल विद्यापीठाचं फुटबॉल सोडलं आणि कराटे धरलं.

चक्रपाणी
माणूस मोठा होता, वाद त्यावर नाहीच. पण मान राखला म्हणता, तर दशक संपताच त्याची कामं का आटली? पुढे तो टेनिस शिकवत होता.

धागाकर्ता
पटकथा येत होत्या. त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. बहुतेकींत काळ्या माणसाचं चित्र चांगलं नव्हतं, म्हणून त्याने त्या घेतल्या नाहीत.