मदत हवी आहे: आईच्या कानाच्या मशीनचे सेल संपत आलेत, आणि मास्कमुळे तिला कोणाचंच कळत नाही

(मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट) नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. बेड, इंजेक्शन असा प्रश्न नाही, ती वेळ आली नाही अजून, पण घरात रोज रडारड सुरू आहे म्हणून विचारतो.

आई ७४ वर्षांची. कानामागे अडकवायची मशीन आहे. आम्हाला वाटायचं तिला मशीननं बरंच ऐकू येतं. घरात मास्क लागले तेव्हा कळलं की निम्मं तर ती ओठ पाहूनच समजायची, आणि उरलेलं बाबा सांगायचे, म्हणजे पाहुणा काही बोलला की बाबा तेच तिला तिच्या भाषेत परत सांगणार, पन्नास वर्षांचा सराव. मागच्या आठवड्यात बाबाच कोरोना पॉझिटिव्ह निघाले (ऑक्सिजन ९६-९७, ताप उतरला, ठीक आहेत). ते ढेलजेत (दारालगतच्या खोलीत) वेगळे, आई मधल्या घरात, आणि आम्ही सगळे तोंड बांधून. ती नुसती आमच्या डोळ्यांकडे पाहत राहते. परवा ताट दिलं तर म्हणे, "काहून बोलत नाई कोनी माह्यासंग? माह्यानंच आला का हा रोग घरात?" मी ओरडून सांगितलं तसं नाही वं माय, तर तिला वाटलं मी चिडलो.

दुसरी गोष्ट, मास्कची दोरी आणि मशीन दोन्ही एकाच कानामागे. एप्रिलमध्ये लस घेऊन आली, दारात मास्क ओढला आणि मशीन उडून नालीत. सापडली नशिबानं (किंमत तिला अजून खोटीच सांगितलेली आहे). आता कोविशिल्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी म्हणतात, तेव्हा परत तेच होणार.

आणि सेल. नारिंगी स्टिकरचे, १३ नंबर. शेवटचा टाकलाय. अमरावतीहून आणायचो, आता लॉकडाऊनमुळे जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास (ऑनलाइन परवानगी) लागतो, आणि दुकानवाला फोनच उचलत नाही. इथल्या मेडिकलवाल्यानं घड्याळाचा सेल दिला, तो बसतच नाही. कुठे मिळतील? आणि तोवर आईशी बोलायचं कसं?

प्रतिसाद १: दादा, १३ नंबर कोणत्याही कंपनीचा चालतो, मशीनच्याच कंपनीचा पाहिजे असं नाही. तालुक्याला मोठ्या मेडिकलमध्ये विचारा, नाहीतर नातेवाइकाकडून स्पीड पोस्टानं मागवा. हा सेल हवेवर चालतो, स्टिकर काढला की सुरू झाला, परत चिकटवून उपयोग नाही. नवीन टाकताना स्टिकर काढून मिनिटभर थांबा मग टाका. रात्री मशीनचं झाकण उघडं ठेवत जा.

प्रतिसाद २: ओरडू नका हो. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात, स, श, त वगैरे, मास्क पण तेच अडवतो. ओरडलं की आवाज फाटतो फक्त. जाड आवाजात, हळू, समोर बसून बोला, आणि एकदम चार जणांनी नको. मास्कला कानाच्या दोरीऐवजी लांब बंद (नाड्या) शिवा आणि डोक्यामागे बांधा, माझ्या सासूबाईंचं तसंच केलं. आणि बाबा खोलीत एकटेच आहेत ना, मग तिथे त्यांना मास्क कशाला? त्यांना व्हिडिओ कॉल लावून द्या की. ओठ दिसतील.

मूळ धागाकर्ता: ताई, एकाच घरात व्हिडिओ कॉल, हे डोक्यातच आलं नाही! मधल्या घरात रेंज नाही म्हणून आईला अंगणात तुळशीजवळ बसवलं, मोबाईल पाटावर टेकवून. बाबा तिकडून फक्त एवढंच म्हणाले, "जेवली का?" मग वीस मिनिटं तीच बोलत होती, कालवड दोर तोडून गेली तिथपासून सुरुवात. आता दिवसातून दोनदा लावून द्यावा लागतो आणि मशीन तेवढ्यापुरतीच लावतो, सेल वाचवायला. बंदवाला मास्क बायको शिवते आहे. सेल अजून नाही मिळाले, दारव्ह्याला दोन मेडिकल पाहून झाले, दिग्रस किंवा पुसदला कोणी पाहिले असतील तर कळवा.