दंडाच्या पट्ट्याशिवाय (कफशिवाय) रक्तदाब: मनगटी घड्याळावर कितपत विसंबावे?

प्रश्न:
दंडाला पट्टा न आवळता रक्तदाब दाखवणारे घड्याळ मी वापरतो. मात्र ठरावीक काळाने नेहमीच्या पट्ट्याच्या यंत्राशी त्याची जुळणी करावी लागते. घड्याळ स्वतः मोजत असेल, तर ही जुळणी कशासाठी?

प्रतिसाद १:
घड्याळ दाब थेट मोजतच नाही. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताच्या प्रमाणातील चढउतार टिपतो, आणि काही उपकरणे ईसीजीतील ठोका व मनगटावर पोहोचलेली नाडीची लहर यांतील कालावधीही मोजतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताठ होते, लहर वेगाने धावते आणि कालावधी घटतो. परंतु वयोमानाने कडक झालेल्या धमनीतही ती वेगानेच धावते, त्यामुळे अमुक कालावधी म्हणजे अमुक दाब, असे सर्वांना लागू पडणारे कोष्टक करता येत नाही; म्हणूनच प्रत्येकाच्या घड्याळाची पट्ट्याच्या यंत्राशी जुळणी करावी लागते.

प्रतिसाद २:
शिवाय त्या कालावधीत हृदयाची झडप उघडण्यापूर्वीचा वेळही मिसळलेला असतो, हे बहुधा कोणी सांगत नाही. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असले, तर तेथील दाब सुमारे ७ ते ८ मिमी पारा जास्त भरतो. हात गारठला तरी सिग्नल बिघडतो.

प्रश्नकर्ता:
म्हणजे औषधाची मात्रा त्यावरून ठरवू नये?

प्रतिसाद १:
मुळीच नये. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही निदान वा उपचारासाठी अशा उपकरणांची शिफारस केलेली नाही. आकडा सतत चढा दिसू लागल्यास पाच मिनिटे शांत बसून दंडावरच्या पट्ट्याने मोजावे आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.