अनुभव धागा: सरकारी शाळा, पण कुठली?

खासगी विरुद्ध सरकारी हा वाद इथे नको, तो पुष्कळ झालाय. सरकारी शाळांमध्येच आपापसांत जो फरक असतो, त्याबद्दल लिहा. जिल्हा परिषद, महापालिका, आश्रमशाळा, नवोदय, काहीही चालेल. शाळेचं नाव मात्र नको.

वाडीवरची बाई
माझी शाळा द्विशिक्षकी, पट चाळीसच्या आसपास. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. तीसच्या वर शंभरपर्यंत पट असेल तर वर्षाला 25,000, त्यापुढे अडीचशेपर्यंत 50,000. तेही पूर्ण हातात पडेलच असं नाही. लहान शाळेला कमी पैसे, हे कागदावर बरोबर दिसतं. पण वादळात पत्रे उडाले की पट विचारून कोणी पत्रे स्वस्त देत नाही. वीजबिल, रजिस्टरं, नळ, शौचालयाचं दार, सगळं त्याच रकमेत. शिवाय पैसे येतात उशिरा आणि लगेच 31 मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणून फोन सुरू होतात.

एमआयडीसीवाला
आमच्याकडे उलट. शाळेला लागून कारखाने, त्यामुळे सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक मदत, जोरात. रंगरंगोटी झाली, प्रोजेक्टर आले, पाण्याचं फिल्टर आलं. मग दुसऱ्या कंपनीनं पुन्हा प्रोजेक्टरच देऊ केले! आम्हाला गणिताचा शिक्षक हवा होता. तो काही सीएसआरमधून मिळत नाही.

बीडकर
पाचवीपर्यंत गावात, सहावीपासून नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, वसतिगृह, सगळं फुकट. सरकार तेच, पण सहावीला जागा फक्त 80, त्याही अख्ख्या जिल्ह्यातून. माझ्या शेजारी बसणारा मित्र गणितात माझ्या कितीतरी पुढे होता. प्रवेशपरीक्षा ऊसतोडीच्या हंगामात आली आणि तो आईबापाबरोबर फडावर होता. 'गुणवत्तेवर निवड' असं कोणी म्हटलं की मला तोच आठवतो.

शहरातली आई
एकच इमारत, एकच फाटक. तळमजल्यावर महापालिकेची मराठी शाळा, वर महापालिकेचीच सीबीएसई. वर नवी बाकं आणि प्रवेशाला सोडत. खाली शिक्षक घरोघरी फिरून मुलं गोळा करतात. मी धाकटीला वर घातलं, मोठा खालीच शिकला. घरात रोज तुलना होते.

माजी सरपंच
वाडीवरच्या बाई, वित्त आयोगाचा जो निधी केंद्राकडून येतो, त्यातून ग्रामपंचायतीला शाळेची कामं घेता येतात. आम्ही शौचालय आणि कुंपण असंच केलं. फक्त ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा बनतानाच ग्रामसभेत ठराव घ्या. नंतर गेलात तर पुढच्या वर्षीवर ढकलतात. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष सोबत न्या, बाईमाणसाचं एकटीचं ऐकत नाहीत, खरं तेच सांगतो.

वाडीवरची बाई
आभारी आहे, दादा. आमची गट ग्रामपंचायत आहे, वाडीचा सदस्य एकच आणि मोठ्या गावाचे आठ. पत्र्यांचा ठराव मांडते. मोठ्या गावच्या शाळेला सभागृह हवंय म्हणे, तेही याच निधीतून.