गिफ्ट कार्डात नेमके किती पैसे उरलेत, हे खात्रीने कसं बघायचं?

अमळनेरच्या बाई

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीत नाव घालताना गुरुजी सर्रास हीच तारीख लिहायचे. त्या हिशेबाने यंदा ३१ मेला निवृत्त झाले. निरोपाला आमच्या केंद्रातल्या वीस जणांनी अडीचशे-अडीचशे रुपये काढले आणि ५,००० रुपयांचं बँकेचं गिफ्ट कार्ड माझ्या हातात ठेवलं. "बाई, आजवर घरच्यांसाठी घेत आलात, आता तुम्हाला हवं ते घ्या," असं म्हणाले. त्यात नव्याने लागलेले शिक्षणसेवकही होते. त्यांचं मानधन किती असतं ते मला माहीत आहे. म्हणून या कार्डातल्या पै-पैचा हिशेब मी वहीत ठेवलाय.

वहीत एवढंच आहे: जूनमध्ये अमळनेरला आईसाठी नऊवारी, १,८५० रुपये. नवरात्रात एकवीरा देवीच्या दर्शनाला धुळ्याला गेले, तिथे गुडघ्याचा पट्टा आणि औषधं, ९४० रुपये. म्हणजे उरायला हवेत २,२१०.

परवा जळगावला कुकर पाहिला, पाच लिटरचा, २,१५० रुपयांचा. दुकानदाराने कार्ड लावलं, मशीन नाही म्हणालं. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. मागे रांग होती, दिवाळीची गर्दी. दुकानदार म्हणाला, "मावशी, कार्डात पैसे नाहीत." मी वही काढून दाखवली. तो म्हणाला, वहीतलं मशीनला कळत नाही. त्याचं चुकलं असं म्हणत नाही, पण कुकर तिथेच ठेवून परत आले आणि बसमध्ये सगळा वेळ तीच वजाबाकी करत राहिले.

अडचण अशी की व्यवहाराचा एकही मेसेज मला येत नाही. कार्ड आमच्यातल्या एका तरुण सरांनी त्यांच्या खात्यातून घेतलं, त्यामुळे नोंद त्यांच्या मोबाईलची आहे. त्यांची बदली चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर झालीय, तिथे रेंज मिळत नाही. मेसेज त्यांनाही दोन-दोन दिवसांनी एकदम येतात.

काल रात्री मोबाईलवर 'गिफ्ट कार्ड बॅलन्स' असं शोधलं. पहिल्याच ओळीला एक पान आलं. त्यात कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मागितले होते. बारा आकडे टाकून झाले आणि हात थांबला, कारण त्या पानावर बँकेचं नाव कुठेच नव्हतं. ते पान बरोबर होतं का? नसेल तर बरोबर जागा कोणती? आणि वहीतला हिशेब आणि मशीन यांत फरक कसा पडला?

भुसावळचा

बाई, हात थांबला ते फार चांगलं झालं. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढं मिळालं की गिफ्ट कार्ड दुसऱ्याच्या हातात गेल्यासारखंच आहे. अशी पानं पैसे देऊन शोधात वर आणतात. खरं पान कोणतं हे शोधून ठरवायचं नाही, कार्डावरून ठरवायचं. कार्ड पालथं करा. बारीक अक्षरांत बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर असतो. कार्ड ज्या पाकिटात आलं त्यावरही असतो. तोच पत्ता अक्षर-अक्षर टाइप करायचा. ग्राहक सेवेचा नंबरसुद्धा शोधून घ्यायचा नाही, खोटे नंबर तिथेही पेरलेले असतात. बारा आकड्यांवर काही होत नाही, पण उद्या कोणी "बॅलन्स अपडेट करून देतो" म्हणून फोन केला तर ठेवून द्या. कोणाच्या बाबतीत पैसे गेलेच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा.

मी पुण्यात चार वर्षं कार्डांच्या ग्राहक सेवेत फोन घेतलेत. तुमच्यासारखा प्रश्न रोज यायचा, आणि बहुतेक वेळा कारण हेच असायचं: कार्ड एकाच्या हातात, मोबाईल दुसऱ्याचा. गिफ्ट कार्डात ओळखीची कागदपत्रं विकत घेणाऱ्याची असतात, वापरणाऱ्याची नाहीत. म्हणून ओटीपी सरांकडे जाणार. पण सरांनी ओटीपी फोनवर तुम्हाला सांगायचा आणि तुम्ही टाकायचा, ही सवय लावू नका. एकदा सवय लागली की पुढच्या वेळी सरांच्या आवाजात दुसराच कोणी मागेल. त्यापेक्षा एक दिवस दोघं समोरासमोर बसा. कार्ड तुमचं, मोबाईल त्यांचा. आणि नुसती शिल्लक बघून थांबू नका, व्यवहारांची यादी उघडा. फरक कुठे पडला ते यादीत दिसतं.

एक शंका आहे. धुळ्याला कार्ड एकदाच लावलं होतं का?

नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांप्रमाणे असं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही, म्हणून एटीएमला जाऊन उपयोग नाही. मुदत किमान एक वर्षाची असते आणि ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्याने कळवायचं असतं. तुमच्या बाबतीत तेही सरांच्या मोबाईलवर जाईल. मुदत संपली तरी उरलेली रक्कम बुडत नाही, अर्ज केला की बँक खात्यात परत मिळते. पुष्कळ लोक मुदत गेली म्हणून कार्ड कचऱ्यात टाकतात, फोनवर हे ऐकताना मला फार वाईट वाटायचं.

अमळनेरच्या बाई

शंका रास्त आहे. आता आठवलं. धुळ्याला पहिल्यांदा कार्ड लावलं तेव्हा मशीनमधला कागद संपला होता. त्या मुलाने नवीन रोल घातला, तोवर पडद्यावरचं गेलं. "झालं नाही काकू, परत लावतो," म्हणाला. दुसऱ्यांदा पावती निघाली, ती मी वहीत चिकटवली होती. आज पाहिली तर कागद जवळजवळ कोरा. तीन आठवड्यांत अक्षरं उडाली. उजेडात तिरपी धरली तर ९४० दिसतात, बाकी काही नाही.

गोलाणी मार्केटमधला दुकानदार

ताई, मी जळगावात मोबाईलचं सामान विकतो. पावतीचं आधी सांगतो. ती शाईने छापलेली नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. आपल्याकडच्या उन्हात, नाहीतर पाकिटात, नाहीतर डिंक लावला की अक्षरं उडतात. घेतल्या-घेतल्या मोबाईलने फोटो काढायचा.

तुमचं प्रकरण मला जवळजवळ कळलं. पहिल्या वेळी मशीनने बँकेला विचारलं, बँकेने हो म्हटलं, तुमच्या कार्डातून ९४० गेले. पण ते 'हो' दुकानाच्या मशीनवर उमटलं नाही. मुलाला वाटलं झालं नाही, म्हणून त्याने दुसऱ्यांदा लावलं. मग तुमच्याकडे उरले १,२७०, आणि मशीन २,१५० मागत होतं. अशा वेळी कोड ५१ येतो, म्हणजे शिल्लक कमी. ५४ आला तर मुदत संपलेली, ९१ आला तर बँकेचं यंत्रच उत्तर देत नाही. आकडा वाचून दाखवायला दुकानदाराला सांगायचं. "कार्ड चालत नाही" एवढ्यावर परत यायचं नाही.

आता पहिलं काम: धुळ्याच्या दुकानाला फोन करा आणि त्या दिवशी त्यांच्या खात्यात ९४० एकदा जमा झाले की दोनदा, ते विचारा. आम्हाला दिवसाचा हिशेब बंद केल्यावर ते दिसतं. दोनदा आले असतील तर दुकानाने द्यायचे. एकदाच आले असतील तर पैसे मध्येच अडकलेत, ते बँकेने द्यायचे. त्या मुलावर रागावून गेलात तर तो घाबरून काहीच सांगणार नाही, म्हणून नीट विचारा. माझ्याकडेही असं झालंय.

बँकेकडे असतील तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानात कार्ड लावलं, पैसे गेले आणि दुकानाला खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. यादीत दोन्ही व्यवहारांपुढे बारा आकडी संदर्भ क्रमांक असेल, तक्रारीत तो लिहा. त्याच्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

आणि कुकर थांबवू नका. शिल्लक कळली की तेवढ्याच आकड्याचं कार्ड लावायला सांगा, वरचे रोख द्या. गिफ्ट कार्डातून "असतील तेवढे घे" असं मशीन स्वतःहून करत नाही, आकडा आपणच सांगावा लागतो. पैसा आपला शे, तं मांगाले लाज कसानी?

नंदुरबारची सून

बाई, एक पुरवणी. तुमचं कार्ड बँकेचं आहे म्हणून वरचं सगळं लागू. एकाच दुकानाचं, फक्त तिथेच चालणारं कार्ड असतं, त्याला रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागत नाहीत. त्याच्या अटी कार्डावर नाहीतर पाकिटावर छापलेल्या असतात. मला भावाने कपड्यांच्या दुकानाचं २,००० चं दिलं होतं, सहा महिन्यांची मुदत, आणि मी ते मुलाच्या बारशाच्या गडबडीत विसरले. पैसे गेले. अशा कार्डाची शिल्लक त्याच दुकानाच्या बिलाच्या काउंटरवर बघून मिळते. मागची खरवडायची पट्टी मात्र घेताना शाबूत आहे का ते पाहायचं. आधीच खरवडलेली असेल तर घ्यायचं नाही, पिन कोणीतरी वाचलेला असतो.

अमळनेरच्या बाई

मंडळी, काय काय झालं ते सांगते.

धुळ्याच्या दुकानात फोन केला. त्या मुलाने हिशेब काढून पाहिला आणि अर्ध्या तासात स्वतःहून उलटा फोन केला: ९४० एकदाच जमा. मी त्याचे आभार मानले.

रविवारी सकाळच्या एसटीने चोपड्याला गेले. सर बाजाराला येणार होते. स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात बसलो. मी कार्डामागचा पत्ता वाचत गेले आणि ते टाइप करत गेले. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर आला, त्यांनीच टाकला. यादी उघडली. नऊवारीचे १,८५०. त्याखाली ९४०, दुपारी १२ वाजून ४१ मिनिटं. त्याखाली पुन्हा ९४०, १२ वाजून ४३ मिनिटं. शिल्लक १,२७०. मी वहीवर बोट ठेवलं, सरांनी मोबाईलवर. माझी वजाबाकी बरोबर होती, एक ओळ माझ्यापर्यंत आलीच नव्हती.

तिथूनच कार्डामागच्या नंबरावर फोन लावला. दोन्ही बारा आकडी क्रमांक वाचून दाखवले, दुकानाला एकदाच पैसे मिळाल्याचं सांगितलं. पलीकडची मुलगी आधी म्हणाली, दुकानदाराकडून घ्या. मी पाच दिवसांच्या परिपत्रकाची तारीख सांगितली. मग तिने तक्रार नोंदवून क्रमांक दिला. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर १४४४८, हे सरांनी शोधून वहीत लिहून ठेवलं. मोबाईल नंबर बदलून माझा घालण्याचा अर्जही त्याच दिवशी सरांच्या सहीने केला.

येताना कुकर घेतला नाही, कारण तो जळगावचाच मनात भरला होता. मंगळवारी गेले. कार्डातून १,२७० आणि रोख ८८०. या वेळी मशीनने लगेच पावती दिली. तिथेच तिचा फोटो काढला.

९४० रुपये कार्डावर परत आले ते धुळ्याला कार्ड लावल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी. मेसेज माझ्या मोबाईलवर आला, पहिल्यांदाच. त्यातून माझ्या शाळेच्या चौथीच्या वर्गासाठी मराठी शब्दकोश आणि जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा घेतला, ९२५ रुपये. जुना नकाशा तापीच्या रेषेवरच घडी पडून फाटला होता. मुलं भुसावळ शोधायची तर बोट कागदाच्या भोकात जायचं.

कार्डात आता १५ रुपये आहेत. पाच दिवस सोडून तेवीस दिवस होतात, त्याच्या २,३०० रुपये भरपाईचा अर्ज काल पाठवला. मिळाले तर त्या वीस जणांना सांगायचं आहे, उत्तर आलं की इथेही लिहिते.