काळ्या-पांढऱ्यात कुंकू गायब होतंय: पणजीआजीच्या अल्बमसारखी पोर्ट्रेट्स, वागळे इस्टेट

वागळे_गाळा:
ठाण्यातल्या एका दागिन्यांच्या दुकानासाठी १२ पोर्ट्रेट्स करायची आहेत. इरकली नऊवारी, नथ, ठुशी. लूक १९४० चा हवाय. गाळा १८ बाय २५ फूट, छत १० फुटांवर. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, दोन फ्लॅश, १२० सेंमीचा ऑक्टा (फ्लॅशवर लावायचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स). काळं-पांढरं केलं की लाल कुंकू कपाळात विरघळतं. सेपिया चढवला की लग्नाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ वाटतो. मागे छापील फ्लेक्स आहे, तो चमकतो. शूट पुढच्या आठवड्यात. काय बदलू?

चंदेरी_मीठ:
सेपिया सगळ्यात शेवटी, आणि तोही चिमूटभर. आधी कुंकू. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेच्या प्लेट्सना आणि फिल्मला लाल दिसतच नसे, म्हणून त्या फोटोंत कुंकू काळंभोर आणि ओठ गडद. आपला सेन्सर लाल नीट पकडतो, त्यामुळे साध्या रूपांतरात कुंकू आणि गव्हाळ त्वचा एकाच राखाडीवर येऊन बसतात. (१९४० मध्ये पॅनक्रोमॅटिक, म्हणजे लालसकट सगळे रंग पकडणारी फिल्म सर्रास मिळत होती. दुकानदाराच्या मनातला फोटो बहुतेक त्याआधीचा असणार. घरातल्या दोन मूळ प्रिंट मागवा, वाद मिटेल.)

कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) अधिक जेपेग, मोनोक्रोम, फिल्टर इफेक्ट हिरवा. म्हणजे क्लायंटला मॉनिटरवर सुरुवातीपासूनच गडद कुंकू दिसेल. रॉ फाइलला हा फिल्टर लागत नाही, तिथे संगणकावर काळं-पांढरं करताना लाल स्लायडर (त्या रंगाचा उजळपणा कमी-जास्त करणारी पट्टी) −४० च्या आसपास न्या. नारिंगीला मात्र −१० पेक्षा जास्त ओढू नका. त्वचेचा बराचसा भाग नारिंगीतच असतो. नाकाच्या कडा आणि पुटकुळ्या लगेच डागासारख्या उठतात. कुंकवाभोवती फिकट कड दिसली की समजा, स्लायडर जास्त झाला. मेकअपवाल्या ताईंना कुंकू आणि लिपस्टिक दोन्ही गडद मरून ठेवायला सांगितलं तर −२० वर भागतं. नारिंगी झाक असलेली लिपस्टिक चालणार नाही.

ऑक्टाही बाजूला ठेवा. बुबुळात गोल ठिपका आला की फोटो आजचा वाटतो. जुन्या स्टुडिओत एका बाजूला मोठी खिडकी असे. ४ बाय ६ फुटांच्या लाकडी चौकटीवर पांढरी सुती चादर ताणा. मॉडेलपासून ४ फूट, ४५ अंशांवर. फ्लॅश चादरीमागे निदान ५ फूट हवा, नाहीतर चादरीच्या मधोमध प्रखर डाग पडतो आणि खिडकीचा भास संपतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट पुढेमागे सरकवून सावली साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली ठेवा. छत पांढरं असेल तर चौकटीच्या वर काळं कापड लावा. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ १०० पासून सुरू करा.

मांजरपाट:
फ्लेक्स काढा. ८ बाय १० फूट मांजरपाट घ्या, आधी धुऊन खळ काढा. खळीवर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. भिंतीच्या मॅट इमल्शन रंगात निम्मं पाणी, मध्ये फिका राखाडी, कडांना गडद, स्पंजाने ढगासारखे ठिपके. थर पातळच. जाड झाला की गुंडाळताना तडे जातात. घडी घालू नका, पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस धरा. मॉडेल पडद्यापासून ६ फूट पुढे.

नथीबद्दल एक. सोनं आरशासारखं असतं, समोर काळं असेल तर काळंच दिसतं. हनुवटीखाली, फ्रेमच्या जरा बाहेर, वहीएवढा पांढरा पुठ्ठा धरायला लावा. मोती जळत असतील तर फ्लॅश कमी न करता चौकट थोडी वळवा, प्रकाशाची कड चेहऱ्यावर येऊ द्या.

नेरूळ_८५:
ग्रेन (जुन्या फिल्मसारखा दाणेदारपणा) फाइल शेवटच्या मापाला आणल्यावरच घाला. मोठ्या फाइलवर घातलेला ग्रेन लहान करताना निघून जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर उरलेल्याचा चिखल होतो. क्लायंटला पसंतीसाठी ड्राइव्हची लिंक द्या.

आणि करार. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालकी हक्क पैसे देणाऱ्याचा. पोर्टफोलिओत वापरायची परवानगी लिहून घ्या. वापर कुठे आणि किती महिने तेही लिहा; इन्स्टाचा दर लावून बसाल आणि फोटो घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर दिसेल.

वागळे_गाळा:
चौकट सुताराकडे टाकली. इरकलीचा काठ लाल आहे, तोही काळा होणार का?

चंदेरी_मीठ:
होणार, जुन्या फोटोंतही तसाच आहे. साडीचं अंग निळं असलेली घ्या. ऑर्थोत निळा उजळ येतो, तुम्ही निळा स्लायडर +३० करा, काठ वेगळा उठून दिसेल. अंगच लाल असेल तर निऱ्या काळ्या ढिगासारख्या दिसतील, आणि तिथे कुठलाही स्लायडर वाचवणार नाही.