छापील फोटोसाठी कॅमेरा निवडताना तुलना कागदावरच करावी

रावपुरेकर:
गेल्या महिन्यात आमच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन वडोदऱ्याच्या घरी झाले. संध्याकाळची वेळ होती आणि दिवाणखान्यात दोन ट्यूबलाइट आणि समई एवढाच उजेड होता. आजी पाटावर बसलेली असताना मी एकाच जागेवरून तीन यंत्रांनी तिचा फोटो काढला: ५० मेगापिक्सेलचा फोन, २० मेगापिक्सेलचा सोनी आरएक्स१०० आणि २४ मेगापिक्सेलचा निकॉन डी३३००. सोनी २०१२ सालचा आहे आणि निकॉन २०१४ सालचा, म्हणजे दोन्ही कॅमेरे आता जुनेच म्हणायचे. फोनच्या पडद्यावर पाहून घरातल्या सगळ्यांनी फोनचाच फोटो पसंत केला, कारण त्यात चेहरा उजळ आणि शालूचा रंग खुललेला दिसत होता.

मग मी तिन्हींचे १२ बाय १८ इंचांचे प्रिंट करून घेतले, ते खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी मांडले, आणि निकाल उलटा लागला. आजीच्या कपाळावर हिरवे गोंदण आहे. तीन ठिपके आणि त्यांच्याखाली एक बारीक रेघ. निकॉनच्या प्रिंटमध्ये ठिपके आणि रेघ दोन्ही स्वच्छ दिसतात, सोनीच्या प्रिंटमध्ये ठिपके मोजता येतात पण रेघ मध्येच तुटते, आणि फोनच्या प्रिंटमध्ये त्या जागी नुसता हिरवट डाग आहे. गालावरच्या सुरकुत्याही फोनने पुसून टाकल्या आहेत. ती आमची आजी वाटतच नाही.

याचे कारण सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकारात आहे. निकॉनचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, सोनीचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, आणि फोनचा त्याहूनही लहान. उजेड कमी पडला की लहान सेन्सरच्या फोटोत रवाळपणा वाढतो, तो झाकण्यासाठी फोन फोटो गुळगुळीत करतो, आणि त्या गुळगुळीतपणात गोंदणासारखा बारीक तपशील सर्वांत आधी जातो. शिवाय ५० मेगापिक्सेल हा आकडाही पूर्ण खरा नाही. अशा बहुतेक फोनमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून एरवी साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो मिळतो. म्हणून भिंतीवर लावायच्या फोटोसाठी कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलवर जाऊ नये आणि पडद्यावर पाहून तर मुळीच ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

मांजलपूरकर:
काका, आपला प्रयोग मनापासून आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे तुलना सारखी झालेली नाही. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. ज्या जागेवरून निकॉनमध्ये आजींचा चेहरा चौकटभर आला, त्याच जागेवरून फोनमध्ये तो तसा आणायचा तर दुप्पट झूम करावा लागतो, आणि लांबचे जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर सेन्सरचा मधला जेमतेम चौथा भागच वापरला जातो. आपण फोन घेऊन दोन पावले पुढे जायला हवे होते.

दुसरे असे की, १२ बाय १८ चा प्रिंट भिंतीवर लागला की तो चार फुटांवरून पाहिला जातो. तेवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्यालाही इंचाला साधारण ७० ते ७५ ठिपक्यांपलीकडचा तपशील वेगळा कळत नाही. फोटोला नाक लावून तो कोण पाहतो?

आणि समूहफोटोचे काय? मागच्या वर्षी भाच्याच्या मुंजीत आम्ही तीन रांगांत उभे होतो. डीएसएलआरवर, म्हणजे निकॉनसारख्या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर, ॲपर्चर एफ २ ठेवून फोटो काढला गेला. ॲपर्चर म्हणजे लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे, आणि ते मोठे असले की पुढे-मागे थोडाच भाग स्पष्ट येतो. पुढच्या रांगेतला बटू अगदी स्पष्ट आला आणि मागे उभे असलेले सगळे मामा धूसर झाले. तिन्ही रांगा स्पष्ट हव्यात तर एफ ८ पर्यंत जावे लागते, म्हणजे उजेड सोळा पटींनी घटतो आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो. त्याच वेळी माझ्या बहिणीने फोनवर काढलेल्या फोटोत सगळे चेहरे ओळखू येत होते. आईच्या कपाटावर आज तोच फोटो आहे.

दांडियाबाजारकर:
मी चित्रकला शिकवते आणि विद्यार्थ्यांना भित्तिचित्रे दाखवायला तांबेकर वाड्यात नेते, म्हणून लेन्सविषयी एक मुद्दा मांडते. तिथल्या खोल्यांत उजेड कमी असतो, फ्लॅश वापरणे चित्रांच्या दृष्टीने योग्य नाही आणि तिपाई परवानगीशिवाय लावता येत नाही. अशा ठिकाणी माझ्याकडचा हाच छोटा सोनी, निकॉनला सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सच्या तोडीस तोड ठरतो. सोनीची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते, तर ती १८-५५ लेन्स एफ ३.५ पर्यंतच, म्हणजे निकॉनचा सेन्सर क्षेत्रफळाने तिप्पट असला तरी सोनीच्या सेन्सरवर पडणारा उजेड पावणेचार पट प्रखर असतो. मात्र झूम केला की सोनी एफ ४.९ वर जाते आणि हा लाभ निघून जातो. रावपुरेकर काका, आपण निकॉनवर कोणती लेन्स लावली होती? त्याशिवाय ही तुलना कॅमेऱ्यांची आहे की लेन्सची, हे सांगता येणार नाही.

प्रतापनगरचा लॅबवाला:
मी प्रिंटिंग लॅबमध्ये मशीनवर बसतो. आमचे मशीन ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, छापते. ८ बाय १२ साठी ते २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे सुमारे साडेआठ मेगापिक्सेल एवढेच वापरते. फाइल २४ मेगापिक्सेलची असली तरी बाकीचे आकुंचन पावते. १२ बाय १८ ला मात्र साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात आणि तिथे फरक उघडा पडतो.

पण रोज येणारे निम्म्याहून अधिक खराब प्रिंट कॅमेऱ्यामुळे होत नाहीत, तर पाठवण्याच्या पद्धतीमुळे होतात. लोक मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवतात, ते ॲप फोटो लहान करते, आणि मग कागदावर पापण्यांच्या जागी चौकोन दिसतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर आणावी. दुसरे, रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवावेत. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल तशीच छापली गेली तर चेहरे फिके पडतात. आणि तुलना करायची असेल तर काउंटरवर ‘करेक्शन नको’ असे स्पष्ट सांगावे, कारण एरवी ऑपरेटर प्रत्येक फोटोची डेन्सिटी, म्हणजे गडद-फिकेपणा, आपल्या नजरेने बदलतो आणि तीन कॅमेऱ्यांऐवजी तुम्ही त्याची नजर तपासत बसता. काकांनी करेक्शन बंद करून घेतले होते का?

रावपुरेकर:
करेक्शन बंद होते. तेवढी काळजी मी घेतली होती. लेन्सविषयी ताईंनी बरोबर जागी बोट ठेवले आहे: निकॉनवर ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स होती आणि सोनी थोडा झूम केलेला होता. त्यामुळे सोनीच्या बाबतीत माझा निकाल जरा कडक झाला, हे मान्य करतो.

मांजलपूरकरांच्या सांगण्यावरून काल त्याच वेळी, त्याच उजेडात, फोन घेऊन मी आजीच्या जवळ गेलो. तिने कुरकुर न करता पुन्हा शालू अंगावर घेतला. नव्या प्रिंटमध्ये गोंदणाचे तिन्ही ठिपके वेगळे दिसले, आणि त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. जरीचा काठ मात्र अजूनही पिवळ्या पट्ट्यासारखाच दिसतो, आणि इतक्या जवळून काढल्यामुळे आजीचे नाक मोठे व कान मागे गेल्यासारखे झाले आहेत. जवळ गेलो तर चेहरा बिघडतो आणि लांब राहिलो तर तपशील जातो. मुख्य लेन्सने चेहऱ्याचा मोठा प्रिंट करायचा तर ही अडचण सुटत नाही.

चार फुटांचा हिशेब मला पटत नाही. तो रस्त्यावरच्या होर्डिंगला लागू आहे. घरच्या माणसाच्या फोटोपाशी आपण जवळ जातो, चष्मा वर करून पाहतो. माझ्या आत्याने प्रिंट हातात घेतला तेव्हा तो तिच्या डोळ्यांपासून एका फुटावर होता, आणि तेवढ्यावरून इंचाला पावणेतीनशेपेक्षा अधिक ठिपके कळतात.

लॅबवाल्यांचे वाचून आज तिन्ही फाइली ८ बाय १२ मध्ये छापून आणल्या आणि मागे फक्त पेन्सिलने खूण करून घरच्यांना दिल्या. सोनी आणि निकॉन यांतला फरक कोणालाही सांगता आला नाही, मलाही नाही. फोनचा प्रिंट पाचपैकी तिघांनी ओळखला.

मांजलपूरकर:
म्हणजे दोघांनी ओळखला नाही, काका! मोठ्या प्रिंटपुरते आणि एकट्या चेहऱ्यापुरते मी आपले म्हणणे मान्य करतो. मुंजीच्या तीन रांगा असतील आणि प्रिंट ८ बाय १२ चा असेल, तर मी अजूनही फोनच घेईन.