‘फेन्सिंग शिकवा, आयव्ही मिळवा’: हा सल्ला देऊ नका

लेकीचीआई (न्यू जर्सी)
काल आपल्या पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, ‘मुलांना आठव्या वर्षी फेन्सिंगला, म्हणजे तलवारबाजीला घाला, आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्ड-येलसारखं विद्यापीठ मिळेल. हार्वर्डच्या प्रवेशांवरच्या खटल्यातच आलंय, भरती केलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळतो.’ वाचून रात्रभर झोप नाही.

अहो, हा आकडा कोचने आधीच निवडलेल्यांचा आहे. अकरावी संपली की जुलैत कोच मार्क प्रवेश कार्यालयाला दाखवतो, त्या प्री-रीडमधून तरलेल्यांचा. आधी गळालेली पोरं त्यात मोजतच नाहीत. माझी लेक त्यातलीच. नऊ वर्षं खेळली. दहावीनंतरच्या १५ जूनला कोचना बोलायची मुभा मिळते, त्या दिवशी सकाळीच फोन आला. पुढच्या वर्षी प्री-रीडही ‘छान’ झालं. ऑगस्टमध्ये मेलला उत्तरच बंद. कॉलेजचं नाव घेत नाही. आणि आयव्हीत खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, हे त्या गृहस्थांनी का नाही लिहिलं?

बोस्टनचा_काका
ताई, वाईट वाटलं. पण एकीचं हुकलं म्हणून वाटच चुकीची? माझी मुलगी नववीत रोइंगला, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतींना लागली. तिथे २००० मीटरचा एर्ग टाइम (वल्हवायच्या यंत्रावरची वेळ) बोलतो, वशिला नाही. ऑक्टोबरात लाइकली लेटर, म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की असल्याचं कॉलेजचं पत्र, हातात. गणिताच्या क्लासला हजारो डॉलर घालणाऱ्यांना कुणी विचारत नाही, खेळ म्हटला की सगळ्यांना हिशेब सुचतो.

लेकीचीआई
वशिला नाही? २०१९ मध्ये येलच्या मुलींच्या सॉकर कोचने लाच घेऊन न खेळणाऱ्या मुलीला खेळाडू ठरवलेलं उघड झालं, विसरलात? आणि २०२० मध्ये स्टॅनफर्डने ११ खेळ एका फटक्यात बंद केले, त्यात फेन्सिंगही होतं. पुढच्या वर्षी निर्णय फिरवला खरा, पण मधल्या दहा महिन्यांत त्या पोरांनी काय करायचं?

शाळामास्तर
माझं दुखणं वेगळं आहे. रविवारच्या मराठी वर्गात सप्टेंबरला सतरा मुलं होती, आता नऊ. उरलेली कुठे? टूर्नामेंटला. आजीशी फोनवर चार वाक्यं बोलता येत नाहीत आणि आईबापांना कोचचा मेल महत्त्वाचा.

लेकीचीआई
सर, हे मनाला लागलं. माझ्या लेकीचं मराठी तुमच्या वर्गात नाही, गाडीत झालं. कोलंबसला साडेआठ तास, येताना साडेआठ. मागच्या सीटवर गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी, मांडीवर केमिस्ट्री, आणि माझ्या आईला स्पीकरवर सांगायची, ‘आजी, हरले गं, पण शेवटचा टच माझाच होता.’ आणखी कुठलं मराठी हवंय तुम्हाला?

शाळामास्तर
बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. ‘टच माझाच होता’ हे ती देवनागरीत लिहू शकते का? विचारून सांगा.

पुणेरी_टेनिसवाला
शिष्यवृत्ती हवी तर आयव्हीचा हट्ट सोडा. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, पुढे २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. तिकडे खेळाला खेळ म्हणून किंमत आहे.

बोस्टनचा_काका
मास्तर, सगळ्यांना एका काठीने हाकू नका. आमच्याकडे पहाटे पाचला बोट पाण्यात असते, म्हणून दहाच्या वर्गाला पोरगी पेंगते. भाषेचं प्रेम कमी म्हणून नाही.

शाळामास्तर
मग वेळ बदलायला सांगायचं होतं. न सांगता येणं बंद केलंत, राग त्याचा आहे. मंगळवारी रात्री साडेसातला ऑनलाइन घेतो. चालेल?

बोस्टनचा_काका
चालेल. आणि ताई, लेटर हातात येईपर्यंत कोचचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे, एवढं मान्य. ८६ टक्क्यांचं मीही लोकांना सांगत होतो, आता नाही सांगणार. पण खेळ सोडायला मी सांगणार नाही.

लेकीचीआई
सोडायला मी कुठे सांगितलं? ती अजून रोज क्लबला जाते, लहानांना शिकवते. सर, तिला विचारलं. ‘टच’ लिहिलं तिने, पण ‘होता’चा काना विसरली. मंगळवारी येईल.